दोघांचं जेवण, मध्यम हॉटेल

भाववालीला नवऱ्याची आठवण आली की ती त्याला कोबीचा भाव विचारायची. तो तिकडच्या मोठ्या शहरात, ही इकडे. फोनवर "तुमच्याशिवाय करमत नाही" असं म्हणायला तिची जीभ रेटायची नाही, आणि त्याचीही. लग्नाला बारा वर्षं झाली तरी हे एक काम दोघांनाही जमलं नव्हतं. मग ती विचारायची, कोबी काय म्हणतोय? तो म्हणायचा, पडलाय, अगदी मातीमोल. एवढ्यावर तिचा दिवस गोड व्हायचा. खरं तर कोबी तिला आवडतही नव्हता.

भाववाली हे नाव तिला बाजारानं ठेवलेलं. शहराशहरांतली महागाई मोजणाऱ्या एका कचेरीत तिची नोकरी होती. मोठ्या कंपन्यांना आपली माणसं या शहरातून त्या शहरात पाठवायची असली, की त्यांच्या पगारात किती भर घालायची हे ही कचेरी सांगे. त्यासाठी भाववाली दर महिन्याला पायपीट करायची. टपरीवरचा चहा, डझनभर अंडी, एका खोलीचं भाडं, बसचा पास, हॉटेलातलं जेवण. गिऱ्हाईक म्हणून जायचं, आपलं काम काय ते सांगायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा, वस्तू दोन्ही शहरांत सारखीच हवी. अंडं मध्यम म्हणजे मध्यम. चहासाठी तर तिच्या पर्समध्ये मापाचा पेलाच असायचा, आणि टपरीवाल्याच्या डोळ्यांदेखत ती कपातला चहा त्यात ओतून बघायची. नियमाप्रमाणे तिला कुणी ओळखायला नको होतं. प्रत्यक्षात ती लांबून येताना दिसली की टपरीवाला कप काठोकाठ भरायला घ्यायचा.

तिच्या कामात एक बाब होती, 'दोघांचं जेवण, मध्यम हॉटेल'. हॉटेल चकचकीत नको, कळकट नको, आणि जेवण दोघांचंच मागवायचं. नवरा इथे होता तोवर ती त्याला बरोबर न्यायची. महिन्यातून एकदा कचेरीच्या पैशानं दोघं पोटभर जेवायचे. तो आजूबाजूच्या टेबलांकडे बघून म्हणायचा, बायकोच्या नोकरीवर जेवणारे पुष्कळ असतील, पण जेवणं हीच ज्याच्या बायकोची नोकरी असा मीच. वाक्य नीट जमायचं नाही, तरी तो दर वेळी म्हणायचा आणि ती दर वेळी हसायची.

तो गेल्यावरही बाब तशीच राहिली. ती एकटी जायची, दोघांचं मागवायची. वेटर विचारायचा, साहेब यायचेत का? ती म्हणायची, येतील. समोर दुसरं ताट वाफाळत असायचं आणि तिला घास गिळवायचा नाही. मग ती ते ताट बांधून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खायची. अन्न टाकायची तिची तयारी नव्हती, आणि समोर कुणीच बसणार नाही असं वेटरला सांगायचीही नव्हती.

नवरा लिफ्ट बसवायचा, म्हणून तो लिफ्टवाला. इकडे उंच इमारती बांधणं थंडावलं आणि त्याच्या कंपनीनं इथलं काम गुंडाळलं. तिकडे एकावर एक मजले चढत होते. तो निघाला तेव्हा बसथांब्यावर दोघांचं ठरलं होतं. तिकडे दोघांचं भागेल असं दिसलं की तिनं यायचं. तोवर त्यानं एकट्यानं काढायचं.

तिकडे पोचल्यापासून त्यानं सुरुवात केली. अगं, इथे चहा आपल्यापेक्षा स्वस्त आहे. भाडी म्हणशील तर लोक उगाच बाऊ करतात. माझ्या खोलीच्या कोपऱ्यावर एक हॉटेल आहे, मी रोज तिथेच जेवतो, आपल्याकडे एवढ्या पैशांत नुसता भात मिळणार नाही. वेटर आता ओळखतात, न मागता वाढतात.

भाववालीनं हे सगळं ऐकून घेतलं. पण तो गेल्यावर महिन्याभरात साहेबांनी दोन्ही शहरांचे भाव शेजारी शेजारी मांडायचं काम तिच्याकडे दिलं होतं. तिकडे भाव गोळा करणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांचे आकडे दर महिन्याला तिच्याच टेबलावर यायचे. चहा जवळजवळ दुप्पट. भाडं तिप्पट. कोबी तर विचारूच नका. पहिल्यांदा ती संतापली, की हा माणूस भावाच्या बाबतीत मलाच बनवतोय. मग तिला हसू आलं. आणि संध्याकाळी घरी भात लावता लावता तिच्या लक्षात आलं की हा आपल्याला बोलावतोय. भाव पाडून पाडून बोलावतोय.

तिनं त्याला काही कळू दिलं नाही. इतर बायकांचे नवरे साडी आणतात, हिचा कोबी स्वस्त करत होता, आणि ते तिला पुरत होतं. कधी त्याचा सूर उतरलेला वाटला तर ती मुद्दाम म्हणायची, इथे अंडी काय महागलीत हो. की तो लगेच तिकडची अंडी खाली आणायचा. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहायची. त्याच्या एका पगारात तिकडे दोघांचं भागणार नाही हे तिला पाठ होतं. म्हणून तिनं साहेबांच्या मागे बदलीसाठी लकडा लावला होता.

नवरा दर महिन्याला पैसे पाठवायचा, आणि चांगले पाठवायचा. एवढे कुठून, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, ओव्हरटाइम आहे ना भरपूर. तिला खरं वाटलं. लिफ्टवाल्यांना तिकडे मागणी असणारच. ते पैसे तिनं तिकडच्या खोलीच्या अनामतीसाठी बाजूला टाकले.

शेवटी ते वयस्क गृहस्थ निवृत्त झाले. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की जागा रिकामी आहे, जायचं असेल तर सोमवारी उत्तर द्या. उत्तर तिच्या जिभेवरच होतं. तिनं दोन पगार मांडून पाहिले होते. हात आखडून राहिलं तर जमण्यासारखं होतं. तरी तिनं सोमवारपर्यंतची मुदत घेतली. नवऱ्याला बदलीचं काही बोलली नाही, नुसतं म्हणाली, दोन दिवस येते, शहर बघते. तिला त्याच्या तोंडून ते पाडलेले भाव एकदा समोर बसून ऐकायचे होते. मग जेवता जेवता बातमी द्यायची होती. आपल्याला एवढी मजा करायचा हक्क आहे असं तिला वाटत होतं.

बसथांब्यावर तो गुळगुळीत दाढी करून उभा होता. शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. वाळलात किती, असं ती म्हणाली तर तो म्हणाला, "लिफ्ट बसेपर्यंत लिफ्टवाल्याला जिनेच चढावे लागतात, बाई." तिला ते पटलं. खोलीत तीन पलंग होते. तो घाईनं म्हणाला की दोघं पाहुणे आलेत, दोन दिवसांत जातील. पाहुण्यांचे कामाचे बूट, डबे, वाळत घातलेले कपडे, सगळं वर्षभराचं मुरलेलं दिसत होतं. भाववालीनं गालातल्या गालात हसून मान डोलावली. त्याच्या कोपऱ्यात चादर ताठ घातलेली होती, आज सकाळीच घातलेली. तिनं त्या चादरीवरून हात फिरवला. या माणसाला सोडून आता एक दिवसही राहायचं नाही, असं तिनं तिथेच ठरवलं.

दुपारी तो तिला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला. चकचकीत नाही, कळकट नाही, अगदी कचेरीला हवं तसं. तो ऐटीत बसला आणि वेटरनं ठेवलेलं कार्ड त्यानं तिच्या हाती लागायच्या आत उचललं. छातीशी धरून वाचायला लागला. रस्सा, भात, भाजी, प्रत्येकाचा भाव अर्ध्यावर आणून. वेटर चांगला पोक्त होता. तो एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे आणि एकदा वाकून कार्डाकडे बघू लागला. आपलं कार्ड बदललं की काय, असं त्याला वाटलं असावं. तो काही बोलणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "तुम्ही आधी पाणी आणा."

भाववालीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला. किती वर्षांनी आपण इतके सुखात आहोत, असं तिला वाटलं. दोघांचं जेवण मागवून झालं. आता सांगावं, असं म्हणून तिनं श्वास घेतला, आणि मग वाटलं, आधी हात धुऊन यावं, बातमी निवांत द्यावी.

"हात कुठे धुवायचे?" तिनं विचारलं.

"ये ना, दाखवतो," म्हणत तो उठला आणि सरळ मागच्या दारानं आत शिरला. ते स्वयंपाकघर निघालं. आतून कुणीतरी त्याला बाहेर काढलं. मग तो उजवीकडे वळला, तिथे कांद्याबटाट्यांची पोती होती. पोत्यांसमोर तो क्षणभर उभा राहिला. तेवढ्यात पाणी घेऊन येणारा वेटर लांबूनच म्हणाला, "गल्ल्याच्या मागे बेसिन आहे, साहेब. पहिल्यांदाच आलात का?"

नवरा टेबलाकडे परतला. भाववाली गल्ल्याच्या मागे गेली आणि तिनं नळ सोडला.

तिथे, हात पाण्याखाली धरून, तिनं हिशेब केला. त्याचा मूळ पगार तिला माहीत होता. पलंगाचं भाडं काय असेल ते माहीत होतं. तो घरी किती पाठवतो हे तर तिच्याच बँकेत होतं. ओव्हरटाइम काढून टाकला तर त्याच्या जेवणाला काय उरतं, हे काढायला तिला कागदही लागला नाही. चहा आणि पाव. दोन शहरांचा हिशेब मांडण्याचा पगार घेणाऱ्या बाईनं घरचा एवढासा हिशेब इतके दिवस मांडला नव्हता. सगळं स्वस्त आहे असं सांगायचं, तर स्वस्ताईत जेवढे शिल्लक पडतील तेवढे पैसे घरी पाठवायला नकोत का? त्याशिवाय बायकोला खरं कसं वाटणार? आणि ती घरी बसून, त्याचा सूर उतरला की अंडी महागल्याचं सांगत होती. तो अंडी खाली आणत होता. प्रत्येक वेळी तेवढं त्याच्या ताटातून कमी होत होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की नळ बंद करायचंही सुचेना.

ती परतली तेव्हा ताटं आली होती. त्यानं हात लावला नव्हता. दोन्ही हात मांडीवर दाबून तो तिची वाट बघत होता.

"ओव्हरटाइम कधी बंद झाला?" तिनं विचारलं.

तो ताटाकडे बघत म्हणाला, "सुरूच झाला नाही."

"आणि जेवता कुठे?"

"साइटवर मिळतं ना." मग ताट जरा सरकवून म्हणाला, "चहा. बरोबर काहीतरी असतं."

भाववाली खाली बसली. आता मजा कसली करायची होती तिला. तिनं सरळ सांगून टाकलं, की इथले खरे भाव दर महिन्याला माझ्या टेबलावर येतात, पहिल्यापासून येतात. चहाचा, भाड्याचा, कोबीचा, सगळे.

त्यानं मान वर केली. उपाशी राहून जे खोटं सांभाळलं, त्याला कुणी फसलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना तिनं पाहिलं. तिला वाटलं, आता हा चिडेल. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज मला बोलावत होता," ती म्हणाली. "ते ऐकत राहावंसं वाटायचं. मला वाटलं, तेवढ्यानं कुणाचं काय जातंय."

शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली. तो म्हणाला, "जेव आता, निवतंय." आणि त्यानं पहिला घास घेतला. सुरुवातीला तो बेतानं जेवत होता, घास मोजूनमापून, मधे पाणी पीत, रोज इथेच जेवणाऱ्या माणसासारखा. मग त्याला ते साधेना. त्याचं डोकं ताटावर वाकलं. भाववालीनं आजवर शेकडो ताटांचे भाव घेतले होते, पण माणूस असा जेवताना तिनं पाहिला नव्हता, आणि तो तिचा माणूस होता.

वेटर आला तेव्हा तिनं आणखी भात आणि रस्सा सांगितला. तो गेल्यावर म्हणाली, "माझी इकडे बदली होतेय. सोमवारी हो म्हणून सांगायचंय."

त्याचा हात थांबला. डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत. मग भीत भीत त्यानं विचारलं, "पण भागेल का गं दोघांचं? तुला तर सगळं माहितेय. खरं सांग."

"ओढाताण होईल," ती म्हणाली. "दोघांचं भागेल की नाही ते बघू. तुमचं एकट्याचं भागत नाही."

त्यानं मान हलवली. नवा भात यायला वेळ होता. तिचं ताट भरलेलंच होतं. त्यानं काही न विचारता ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि तो जेवू लागला.