मूठ सैल ठेवा

कागदावर तीनच शब्द होते: "मूठ सैल ठेवा." खाली हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची सही आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख.

ज्यांच्यासाठी हा कागद होता त्या एका रोपवाटिकेत फळझाडांची कलमं बांधत. वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षं. कामावर लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या अंगठ्याचा बुडाचा सांधा दुखत होता. पूर्वी त्यांच्या शंभर कलमांतली नव्वद जगत. गेल्या खेपेला अठ्ठ्याहत्तर जगली. व्यवस्थापकांनी बोलावून सांगितलं, "मावशी, पुढच्या शंभरात ऐंशीच्या खाली गेलं तर तुम्हाला पिशव्यांत माती भरायला बसवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

मावशींना वाईट वाटलंच. माती कोणालाही भरता येते.

त्यांनी कागद पाळला. ती शंभर कलमं बांधण्याआधी सरावाच्या काड्या तासताना चाकू हलक्या हाताने धरला. पण काप बिघडू लागले. पाचर कलमात चांगल्या झाडाच्या काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तिरपं, सपाट तासावं लागतं आणि खालच्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, चिरेत बसवावं लागतं. काप वाकडातिकडा आला की मध्ये फट राहते आणि काडी वाळते. मावशी तासलेल्या काडीला पात्याची सपाट बाजू लावून उजेडात धरून बघत. रोज फट दिसे. मग त्या चाकू आणखी घट्ट धरत, आणि संध्याकाळी भाजी चिरायलाही अंगठा वळत नसे.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. सोबत यजमान होते. त्यांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. डॉक्टरीणबाईंनी या वेळी चाकू आणि काड्या घेऊन यायला सांगितलं होतं.

"दुखणं वाढलंय," मावशी म्हणाल्या. "आणि हातातली कला गेली. तेवढं खरं सांगा, हे परत येणार का?"

"आधी बघू तर द्या."

मावशींनी रुमालातून घडीचा चाकू काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी पातं उघडलं, मूठ धरली, पात्याच्या पाठीला बोट लावून हळूच दाबलं. पातं डावीकडे गेलं. मग उजवीकडे.

"हे हलतंय."

"हलणारच," कुलूपकाका म्हणाले. "मी मुठीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केलाय."

"का?"

"तुम्हीच लिहून दिलंत. मूठ सैल ठेवा."

डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे बघितलं, मग चाकूकडे, मग काकांकडे.

"काका, मूठ म्हणजे हाताची."

"मग हाताची असं लिहायचं. आमच्या दुकानात मूठ म्हणजे चाकूची."

मावशी नवऱ्याकडे वळल्या. "पंधरा दिवस मी माझ्या हाताला शिव्या घालतेय. अहो, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू चाकूला हात लावू दिला असतास?"



"पातं मिटून बोटांवर आलं असतं म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काकांनी मान खाली घातली आणि खिशातून पेचकस काढला. स्क्रू पिळला, पातं चार वेळा उघडलं-मिटलं, पुन्हा किंचित पिळला. आता ते उघडताना अडत नव्हतं आणि उघडल्यावर डुलतही नव्हतं.

मावशींनी एक काडी तासली. काप सपाट आला. त्यांचा चेहरा उजळला, पण दुसऱ्या काडीला सांध्यातून कळ आली आणि चाकू टेबलावर ठेवावा लागला. कला गेली नव्हती. दुखणं मात्र जागच्या जागी होतं.

"अंगठा कुठे ठेवता?"

"पात्याच्या पाठीवर."

"का?"

एकतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. "जुने मुकादम ठेवायचे. त्यांनी शिकवलं."

"त्यांचा हात केवढा होता?"

"सुपाएवढा."

"म्हणजे तुम्ही त्यांचा हात वापरताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग तिघंही त्या हातावर झुकले. आधी अंगठा बोटांवर गुंडाळून पक्की मूठ करून बघितली. जोर मिळाला, पण काडीचा लचका तुटला. मग चाकू पेनसारखा धरला. पकड हलकी झाली, पण पातं सालीवरून सटकलं आणि मावशींनी तो नाद तिथेच सोडला. मग अंगठा चाकूच्या मुठीच्या कडेला सरळ टेकवला. सांधा वाकला नाही. काका बाहेर जाऊन सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले आणि तो मुठीवर चढवला. मूठ जाड झाली, तशी बोटं पूर्ण आवळायची गरज उरली नाही.

"आता बरं वाटतंय," मावशी म्हणाल्या. "पण रेटायला अंगठा लागतोच."

काका त्यांच्या हाताकडे बघत म्हणाले, "चाकू रेटायचाच कशाला?"

"मग काडी आपोआप कापली जाणार का?"

"लहान किल्ली घासायची असली की मी कानस हलवत नाही. कानस स्थिर धरतो आणि किल्ली ओढतो. तू काडी ओढ."

मावशींनी उजवं कोपर बरगडीला टेकवलं. चाकूची धार समोर, अंगापासून लांब. डाव्या हाताने काडी धारेच्या मागे धरली, टोक पात्याखाली पुढे काढलं आणि काडी स्वतःकडे ओढली. टोकाची ढलपी सुटून पडली. त्यांनी काडी खिडकीकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. काप सपाट होता, अंगठ्यात कळ नव्हती.

"डावा हात मागेच ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धारेच्या पुढे कधीच नाही."

"एवढं कळतं हो मला," मावशी म्हणाल्या आणि दुसरी काडी उचलली. नंतर तिसरी. दवाखान्याची फरशी सालींनी भरली. बाहेर बसलेला पेशंट दोनदा डोकावून गेला.

सोमवारी मावशींनी शंभर कलमं बांधली. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. एकसारखी ओढ जमायला पहिल्या वीस काड्या गेल्या, आणि त्या वीस आपण वाया घालवल्या अशी त्यांची खात्री होती. पुढचे तीन आठवडे त्या रोज सकाळी त्या कलमांच्या ओळीपाशी जाऊन उभ्या राहत. कोणी विचारलं तर म्हणत, "बघतेय."

बाविसाव्या दिवशी व्यवस्थापक आले आणि एकेक फुटवा बोटाने मोजत गेले. पहिल्या वीसमधली अकरा जगली होती. उरलेल्या ऐंशीमधली बहात्तर.

"त्र्याऐंशी," ते म्हणाले. "माती भरायचं रद्द, मावशी. उद्यापासून पूर्वीसारखी रोज एकशेवीस?"

मावशींनी अंगठा चोळला. काडी ओढली तरी साठ-सत्तरनंतर तो दुखायला लागतोच, हे त्यांना तीन आठवड्यांत कळलं होतं.

"साठ," त्या म्हणाल्या. "पण सगळी जगतील अशी."

व्यवस्थापकांनी ओळीकडे परत एकदा बघितलं. "सगळी?"

"नव्वद टक्के धरा."

"लिहून घेतो, साठ," ते म्हणाले. मग वही मिटून तिथेच रेंगाळले. "ते काडी ओढायचं काय आहे, मलाही दाखवा जरा."