तिसरा आवाज

दुपारी जेवण झालं की मिस्त्री बायकोच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन चालू करायचे. बायको जाऊन महिना उलटला होता. नळी गुंडाळून ठेवलेली, मशीन मात्र घुं-फुस, घुं-फुस करत राही. त्या आवाजात डोळा लागला की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटे, आणि खाटेवर कुणीतरी कूस बदलल्यासारखं.

मग दारातून गोगलगाय यायची. औषध-पाणी आणणाऱ्या त्या बुटक्या रोबोटला हे नाव बायकोनंच ठेवलेलं. गोगलगाईला डोळे नव्हते, नुसते कान. स्वयंपाकघरातला फ्रीज, बैठकीतलं घड्याळ आणि हे मशीन, असे तीन आवाज कुठून येतात यावरून ती घरात आपण कुठे आहोत ते ओळखायची.

तिला हे शिकवलं होतं लेकीनं. तीच लेक आज मशीन न्यायला आली होती. दवाखान्याचे निरोपावर निरोप येत होते. मागच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेला ते हवं होतं.

"हे नेलंस तर गोगलगाय भिंतीवर डोकं आपटत बसेल," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, तिच्या आडून बोलू नका. तिला दुसरा आवाज शिकवते. तुमचाच. इथे बसून बोलत राहिलात की झालं."

"कुणाशी बोलू?"

"आईशी बोलायचात तसं."

"बोलायची ती. मी हूं म्हणायचो."

लेकीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "त्या बाईंना धड झोपताही येत नाही, बाबा. उशीला टेकून बसून असतात."

तसं बसणं मिस्त्रींनी पाहिलं होतं. ते उठले आणि बटण दाबलं. मशीन उसासा टाकून थांबलं. खाट नुसती खाट झाली.

गोगलगाईला नवा आवाज शिकवून लेक मशीन ढकलत निघून गेली. थोड्या वेळानं गोगलगाय पाणी घेऊन निघाली आणि बैठकीतच अडली. इकडे वळली, तिकडे वळली.

"हूं," मिस्त्री म्हणाले.

ती जराशी फिरली, पुन्हा थांबली. एवढ्यानं तिचं भागेना.

मिस्त्रींनी घसा साफ केला. "आज भाजीत मीठ जास्त पडलं," ते खाटेकडे बघत म्हणाले. "तशीच खाल्ली. मशीन दिलं बघ. त्या बाई झोपतील आता."

उंबऱ्यापाशी चाकं वाजली. ते बोलतच राहिले.