नाक गेलेल्या मालकाची बरणी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, हिच्या पोटात साखर असणार. तसं नाही. मी चिनी मातीची, रुंद पोटाची आणि आखूड गळ्याची एक जुनी बरणी आहे, आणि माझं बहुतेक आयुष्य पाइपमध्ये भरायच्या तंबाखूत गेलं. ती ओढावी की ओढू नये, याबद्दल मी शेवटी बोलेन. आधी काय घडलं ते ऐका.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या पाठीवर झिलईचा एक ओघळ तसाच राहून गेला होता. दुकानात येणारे लोक तो पाहून नाक मुरडत आणि शेजारची बरणी उचलत. एके दिवशी एक उंच माणूस आला. त्याने माझं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, "रूप घेऊन काय करायचंय? झाकण कसं बसतंय बघा!" तो माझा मालक झाला.

त्याचं पाइपच्या तंबाखूचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि मागे एक लांबट खोली. त्या खोलीत पानं कापायचा लाकडी पाट, पिळाचा दांडा असलेलं एक लोखंडी दाबयंत्र, आणि भिंतीला फळ्या. फळ्यांवर आम्ही बरण्या. मालकाला बायको नव्हती. मुलगी लहान असतानाच ती वारली. मुलगी मोठी होऊन काउंटर सांभाळू लागली. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत.

मालकाचं सगळं काम नाकावर चाले. पिवळं पान गोड, पण ताजं असताना जिभेला चावणारं. तपकिरी पान भाजलेल्या दाण्यासारखं खरपूस. काळं पान लाकडाच्या धुरावर धरून वाळवलेलं. आणि एक तिखट पान, ते फक्त चिमूटभर घालायचं. "हे फार बोलकं आहे," मालक म्हणे. "याला जास्त जागा दिली की बाकीच्यांना तोंड उघडू देत नाही."

मिश्रण झालं की ते दाबयंत्राखाली दाबून वडी करायची, वडी कापायची आणि आमच्यात भरून झाकण घट्ट लावायचं. सुरुवातीला माझ्या पोटात प्रत्येक पानाचा वास वेगळा कळे, नव्या घरात सगळे आपापल्या खोलीत बसल्यासारखा. महिने गेले की ते एकमेकांत मिसळत. पिवळ्याचं चावणं कमी होई, रंग गडद होई. धुराच्या पानाचा मात्र जोर वर्षागणिक ओसरे. कोणतं मिश्रण किती दिवस ठेवायचं, हे मालक झाकण उघडून एका श्वासात सांगे.

एका हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, तो दुकानात आला, पाटाशी बसला. पण झाकण उघडल्यावर त्याचा चेहरा पूर्वीसारखा हलेना. मी आतून पाहत होते. तो पुन्हापुन्हा वाकून वास घेई, मग झाकण लावून दुसरी बरणी उघडे.

त्याच सुमाराला धुराच्या पानाचा नवा गठ्ठा आला. तो नेहमीपेक्षा फार उग्र होता. मालकाने सवयीने पूर्वीइतकंच पान घातलं. ते मिश्रण मुरून विकायला निघालं, आणि दोन दिवसांनी दातांचे डॉक्टर आले. हे आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. पेशंटना तंबाखू सोडायला सांगत आणि वाटेत आमच्याकडे पुडी घेत.

"मालक, पुडीत चुलीतली राख भरली होती का?" त्यांनी विचारलं.

"तुमची जीभ बिघडलीय," मालक तडकला. "नको असेल तर घेऊ नका!"

डॉक्टर खरंच न घेता गेले. मग आणखी दोघं-तिघं गेले.

ताईने काही दिवस पाहिलं. एका दुपारी ती मागच्या खोलीत आली आणि मालकासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, सकाळी दूध करपलं. मी बाहेरून धावत आले. तुम्ही भांड्यापासून चार हातांवर पेपर वाचत होता."

मालक पाटावरची पानं सारखी करत राहिला.

"कधीपासून येत नाही वास?"

"तापानंतर."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दुकान नाकावर चाललंय. तेच गेलं म्हणून पाटी लावू?"

त्या दिवशी दोघं जेवले नाहीत. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, परत येईल असं सांगता येत नाही. मालक म्हणाला, आहे तो माल कुणाला तरी देऊन टाकू आणि दार लावू. ताई म्हणाली, "मला शिकवा."

"वास शिकवता येतो होय?"

"प्रयत्न तर करा."

मग ती शिकवणी मी फळीवरून पाहिली. पानात ओल किती आहे, हे मालक मुठीत दाबून सांगे. ते हातांचं ज्ञान शाबूत होतं. वास ताईने सांगायचा.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? मला दिसेल असं सांग!"

ती चिडे, उठून जाई, परत येई. हळूहळू तिला शब्द सापडू लागले. ओल्या गवतावर ऊन पडल्यावर येतो तसा. जुन्या चामडी पिशवीच्या आतला. मालक डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "मग तपकिरी वाढव."

तिचं पहिलं स्वतःचं मिश्रण माझ्यात भरलं. ताजं होतं तेव्हाच तिने डॉक्टरांना बोलावून चिमूटभर दिलं. ते म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण जिभेला चावतंय." ताईचे डोळे भरले. तिने मिश्रणावर शिंपडायला गोड सुगंधाची बाटली काढली.

"ती ठेव खाली," मालक म्हणाला. "तो वास वरवर बसतो आणि उडून जातो. तुझं मिश्रण चुकलेलं नाही. लहान आहे."

पण तिला धीर कुठला? रोज येऊन माझं झाकण उघडी. दर वेळी आतली मुरलेली हवा बाहेर आणि नवी हवा आत. शेवटी मालकाने मला सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं आणि स्टूल स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

वर मी एकटी होते. अंगावर धूळ बसली, पाली फिरल्या. आत मात्र काम चालू होतं. दुकान कसंबसं चाललं. डॉक्टर येत, पण गप्पा मारायला. तंबाखूचे तयार डबे ते दुसरीकडून घेत. मालकाचे हात थरथरू लागले. काही हिवाळे असेच गेले.

मग एका सकाळी मालकाने स्वतःच स्टूल आणलं. "उघड," तो म्हणाला. डॉक्टर काउंटरपाशी उभे होते, तेही आत आले.

झाकण निघताना माझ्या गळ्यातून हलकासा श्वास सुटला. ताईने वाकून वास घेतला आणि तशीच राहिली.

"अगं, बोल ना!" मालक ओरडला.

"बाबा, थांबा, सांगते." तिने पुन्हा वास घेतला. "आधी सुक्या मनुका. मग गवत, पण उन्हाचं नाही, कोठीत ठेवलेलं. चावरेपणा गेलाय."

"धूर?"

"आहे. मागे दाराशी उभा आहे, आत येत नाही."

"तिखट?"

"सर्वांत शेवटी. घशाशी."

मालकाने डोळे मिटले. त्याच्या नाकपुड्या हलत होत्या, सवयीने. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला धुराचं पान थोडं जास्त घाल. इतकी वर्षं ठेवायचं तर धूर मऊ होणारच." मग हसून म्हणाला, "आला गं. आला मला वास."

डॉक्टरांनी पाइप पेटवला, दोन झुरके घेतले आणि चष्मा काढून पुसत बसले. "मला यातलं द्या," ते म्हणाले, "आणि बाकी कुणाला सांगू नका."

त्यांनी पुढच्याच आठवड्यात चारचौघांना सांगितलं. दुकान पुन्हा उभं राहिलं. मालक जाईपर्यंत त्याची खुर्ची पाटाशीच होती, आणि ताई त्याला प्रत्येक बरणीचा वास सांगत होती.

आता दुकान नाही. लोकांनी पाइप सोडले, ते बरंच झालं. मी फळीवरून खूप खोकले ऐकलेत, आणि डॉक्टरांचा शेवटचा हिवाळा त्यातच गेला. तुम्ही या वाटेला जाऊ नका. माझ्या झाकणाचं रबरी कडं तडकलंय. ताईच्या खिडकीत मी रिकामी उभी असते. त्याचं मला दुःख नाही.

पण एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, किंवा वास कळत नसेल. ते विचारतील, "काय झालं? कसं आहे?" तेव्हा "काही नाही" म्हणून उठून जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि नीट सांगा. पहिल्यांदा शब्द सापडणार नाहीत. ते चिडतील, तुम्हीही चिडाल. तरी परत येऊन बसा.