पडद्यावरची नावाडीण

'नावाडीण' हे संगीत नाटक एकतीस वर्षं चाललं आणि एकतीस वर्षं ऑर्गनवर एकच माणूस बसला. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर स्वभावाने महासंशयी. दूध उतू गेलं, तर ते आपणहून गेलं की कुणी जाऊ दिलं, इथपासून त्यांची चौकशी सुरू व्हायची. "चहात साखर जास्त पडली तरी तुम्ही त्यात माझा हेतू शोधता," असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

नाटक बंद पडलं आणि वर्षभरात त्याच्यावर सिनेमा आला. एका वर्तमानपत्राच्या संपादकाने परीक्षणासाठी मास्तरांनाच गाठलं.

"मीच का?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याइतकं ते नाटक ऐकलंय कुणी? सिनेमा चांगला की नाटक, एवढंच सांगा. हातचं राखू नका."

याला भांडण लावून मजा बघायचीय, असं मास्तरांना वाटलं. तरी ते गेले. खरं तर निकाल त्यांनी घरीच देऊन टाकला होता. सिनेमागृहात फक्त पुरावे गोळा करायचे होते. पहिल्या अर्ध्या तासात वहीचं पान भरलं. नाव कोरी करकरीत. नदी फाजील निळी. नावाडिणीची नखं रंगवलेली. ऑर्गनच्या जागी पन्नास व्हायोलिनं. मास्तर खुशीत होते.

मग ते गाणं आलं. रोज पलीकडे जाणारा उतारू आज आलाच नाही, आणि नावाडीण वल्हं हातात धरून त्याची वाट बघते, ते. पडद्यावरची नटी जेमतेम पंचविशीची. तिसऱ्या ओळीआधी तिने श्वास घेतला, तो अर्धी मात्रा आधीच. नाव काठाला लागायच्या आत कुणी उतरायला पाय उचलावा, तसा.

 त्या श्वासासाठी मास्तरांनी बावीस वर्षं भात्यावरचा पाय सांभाळला होता. तो श्वास बाईंचा होता. बाई म्हणजे नाटकातली पहिली नावाडीण. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी काम सोडलं, त्यांची जागा दुसरीने घेतली, आणि त्यानंतर बाईंचा सूर कुणाच्या कानावर पडला नव्हता.

शंकेची पाल चुकचुकली. बाईंचा आवाज यांच्या हाती लागला कसा? नाटकाच्या चांगल्या ध्वनिफिती दोनच. एक मास्तरांकडे, दुसरी कंपनीच्या मॅनेजरकडे.

घरी येऊन त्यांनी आधी स्वतःचं कपाट उघडलं. फीत जागच्या जागी होती.

"कुलूप तुम्ही लावता, किल्ली तुमच्या खिशात," बायको म्हणाली. "मग चोर कोण, मी?"

तो विचारही मास्तरांच्या मनाला चाटून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरच्या खोलीवर गेले. नाटकाचे उरलेले पोशाख विकायला काढून मॅनेजर त्यांची बटणं मोजत बसला होता.

"बाईंचा आवाज विकलास ना?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, माझी फीत बुरशीने कधीच खाल्ली. आणि तुझ्या फितीत तुझा ऑर्गन वाजतोय, प्रेक्षक खोकतायत. त्यातून एकटा आवाज सोलून काढलाय तो इतका स्वच्छ? काहीतरीच! सरळ बाईंनाच विचार की."

 नऊ वर्षांत मास्तरांनी बाईंच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. एका प्रयोगात वरच्या सुराला बाईंचा आवाज फाटला होता. पुढच्या प्रयोगाला मास्तरांनी कुणाला न विचारता गाण्याची पट्टी खाली घेतली. बाई सबंध नाटक सुरेल गायल्या, आणि दुसऱ्या दिवशी काम सोडल्याची चिठ्ठी आली. घसा गेला म्हणून सोडलं, असं मास्तर सगळ्यांना सांगत आले होते.

तरी संध्याकाळी ते गेले. दार सुनेने उघडलं. बाई खिडकीपाशी नातवाच्या स्वेटरचं भोक रफू करत होत्या.

"या मास्तर. कसली चौकशी काढलीत?"

"तुमचा आवाज चोरलाय कुणी तरी."

बाई हसल्या. "चोरतंय कोण! मीच दिला. तीन दिवस स्टुडिओत जाऊन गायले. माझं नाव कुठे येणार नाही, असं ठरलंय."

"आणि ते तुम्ही चालवून घेतलंत?"

"मला नाव नको होतं. मूळ पट्टी हवी होती." बाईंनी सुई स्वेटरात खोचून ठेवली. "पट्टी खाली घ्यायची का, असं त्यांनी मला विचारलं. विचारलं, मास्तर. मी नको म्हटलं."

मास्तर खाली बघत म्हणाले, "तुमचं हसं होऊ नये, एवढंच मनात होतं."

"मग सांगायचं होतं तसं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणू द्यायचं होतं."

 मास्तरांच्या तोंडून "चुकलं माझं" एवढंच कसंबसं बाहेर पडलं. सुनेने पाणी आणून ठेवलं. बाईंनी विचारलं, "झालंय कसं? मला एकटीला बघायची भीती वाटते."

"मी सांगितलेलं खरं मानाल?"

"मुळीच नाही. उद्या माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला दोघं गेले. ते गाणं लागलं तेव्हा बाई पडद्याकडे बघेनात. अंधारात त्या मास्तरांचा चेहरा न्याहाळत बसल्या. दुसऱ्या कडव्यातला वरचा सूर आला, आणि मास्तरांना आपली भुवई जागेवर ठेवता आली नाही.

"खाली राहिला ना?" बाहेर पडताना बाईंनी विचारलं.

"राहिला. किंचित."

"मलाही स्टुडिओत तेव्हाच वाटलं होतं. पुन्हा घेऊ देईनात." त्या पायऱ्या उतरल्या. "बरं झालं सांगितलंत."

मास्तरांनी परीक्षण एक दिवस उशिरा दिलं. सिनेमा सुमार आहे, असं त्यांनी लिहिलं. फक्त नावाडिणीच्या त्या एका गाण्यासाठी आपण दोनदा तिकीट काढलं, आणि हा थकलेला पण खरा आवाज आपल्या नाटकातही शेवटी शेवटी ऐकू यायचा राहून गेला, तो दोष वाद्यवाल्याचा, हेही लिहिलं. गाणारीचं नाव लिहिलं नाही.

छापून आलं त्या सकाळी बाईंचा फोन आला. "सगळं वाचलं. पण 'थकलेला' कशाला?"

"तसा आहे म्हणून."

"अहो, मुरलेला म्हणता आलं असतं."

त्या एका शब्दावरून बाई चांगली दहा मिनिटं भांडल्या, आणि मास्तर हूं की चूं न करता ऐकत राहिले.