आप्पाच्या खोलीतला मेन स्विच

माझ्या बायकोला, काशीला दवाखान्यातून सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. दिवसरात्र चालू ठेवायचं. तिला एकच हवं होतं, पूर्णगडला आपल्या घरी, आपल्या खाटेवर राहायचं. सोबत दिलेला छोटा सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता.

वायरमन निलेशला बोलावलं. लाकडी पट्टीवरची जुनी वायर त्याने जरा वाकवली, तर वरचं रबर भुग्यासारखं गळलं.

"काका, हिलाच जोड मारून मशीन लावलं तर तापेल. वर लाकडाचे वासे आहेत. अर्थिंगपण नाही. मेन स्विचपासून नवी लाइनच ओढायला हवी."

मेन स्विच आणि मीटर, दोन्ही माझ्या थोरल्या भावाच्या, आप्पाच्या खोलीत. आप्पा मुंबईला, खोलीला कुलूप. रीडिंगवालाही खिडकीतूनच बघून जातो. पूर्वी किल्ली आमच्याकडे असायची. गेल्या वर्षी आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून बोलणं वाढलं आणि तो ती घेऊन गेला.

मी फोन लावला.

"आज वायर जाईल, उद्या म्हणशील खोलीच माझी," आप्पा म्हणाला.

"अरे, काशीला श्वास पुरत नाही."

"गणपतीला येतोय ना मी. तेव्हा बघू."

निलेशने कुलूप हातात धरून बघितलं. "काका, एक फटका पुरे. हे काय बँकेचं कुलूप आहे?"

मी पहार आणली. काशी भिंत धरत धरत बाहेर आली.

"ठेवा ती खाली. कुलूप तोडलंत तर भावोजी परत या घरात पाय ठेवायचे नाहीत. मग एका घरात दोन गणपती बसवणार आहात?"

"आणि तुझं काय?"

"मालनकडे जाते पावसला. बहीण आहे माझी, हाकलायची नाही. घरही नवीन आहे तिचं." दम खाऊन ती म्हणाली, "तुम्ही मात्र पेज करपवू नका. शेजारी मला हसतील."

मालनकडे मशीन नीट चाललं. मी रोज जायचो. काशी रोज विचारायची, "भावोजींचा फोन आला?" मी म्हणायचो, "येईल."

श्रावणातच ती गेली. तिला घरी आणलं. आता तिला कसलंच मशीन लागत नव्हतं.

आप्पा आला. बाहेर पाऊस होता, म्हणून माणसांना बसायला त्यानेच आपली खोली उघडली. आत जाऊन मेन स्विचसमोर उभा राहिला.

"बाबू, मला वाटलं नव्हतं रे, इतकं असेल," तो मला म्हणाला. मग निलेशकडे वळला, "किती काम होतं?"

निलेश खाली बघत म्हणाला, "ह्या भिंतीपलीकडेच काकींची खाट, आप्पा. मधे एक भोक पाडायचं. खड्डा खणून अर्थिंग केलं असतं तरी एका दिवसाचं काम."

आप्पा भिंतीला हात लावून खालीच बसला. बाहेर माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, "ऊठ आप्पा. तिला उचलायचं आहे."