एकेचाळिसावा संदर्भ

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाला, म्हणजे या विषयावर आजवर कोणी काय म्हणून ठेवलंय त्याच्या आढाव्याला, तिने ठमीच्या जन्माआधी हात घातला होता. आता ठमी दहा महिन्यांची झाली तरी ते काही हातावेगळं होत नव्हतं. “तुझ्या प्रकरणाआधी हिला दात आले गं,” असं सासूबाई म्हणायच्या, आणि तीही हसायची, कारण रडायला वेळ कोणाला होता?

विषय होता, तान्ही मुलं आईचा आवाज कशी ओळखतात. चाळीस संदर्भ जमले होते, पण सैद्धांतिक चौकट एका कोपऱ्यात डुगडुगत होती. आईचं चित्त फार दिवस दुसरीकडे असलं तर मूल तिचा आवाज ओळखेनासं होतं, असं कोणीतरी म्हटलेलं हवं होतं, आणि मेलं कोणी म्हणत नव्हतं. तेव्हा एका दुपारी, ठमीला पाजता पाजता, तिने एक आडनाव, एक जुनं साल, नियतकालिकाचा एक खंड आणि पानं दोनशे बारा ते एकोणीस असं सगळं मनानेच लिहून टाकलं. संदर्भसूची वाचतो कोण? तिने स्वतः तरी निम्मे संदर्भ कुठे वाचले होते!

प्रकरण वाचताना मार्गदर्शक बाईंनी बोट नेमकं त्या एकेचाळिसाव्या संदर्भावरच ठेवलं. आता पीएच.डी.ची नोंदणीच रद्द, तिला वाटलं.

“हा बरा शोधलास,” बाई म्हणाल्या. “मी वाचलाय, फार पूर्वी. पण शेवट का गाळलास? तोच तर महत्त्वाचा. सोमवारपर्यंत घालून आण, नाहीतर प्रकरण परत.”

शेवट काय आहे, हे विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे लबाडी कबूल करणंच.

ग्रंथपालांनी तळघरातून खंड आणून दिला. पान दोनशे बारावर तिने मनाने रचलेलं तेच आडनाव होतं. खाली एकाच आईचं निरीक्षण: मुलगी दहा महिन्यांची, आई पाजताना एका हाताने कागद उलटते, पेन्सिल दातांत धरते, दिवसा सासू सांभाळते. तिने दातांतली पेन्सिल हळूच काढून टेबलावर ठेवली. शेवटची दोन पानं छापखान्यात कापायची राहून कडेला जोडलेलीच होती.

“हा खंड कोणी उघडलेलाच दिसत नाही, ताई,” ग्रंथपाल म्हणाले. “परवानगी घेऊन उद्या कापून देतो.”

उद्यापर्यंत थांबणं तिला जमेना. ती जवळजवळ धावतच घरी आली. ठमी दाराकडे पाठ करून ठोकळे आपटत होती. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“आज लवकर गं?”

तिने ओठांवर बोट ठेवलं. श्वास सावरला. मग नेहमीसारखीच हाक मारली, “ठमे!”

ठमीचा हात थांबला. ती खुदकन हसली, वळली, आणि आईच्या पायांना वळसा घालून, हाक तिकडूनच आल्यासारखी, आतल्या रिकाम्या खोलीकडे भराभर रांगत गेली. उंबऱ्यापाशी थांबून, मान वर करून, उचलून घे म्हणून तिने दोन्ही हात पसरले.