चाळीस बसेस आणि एक पांढरी स्कूटर

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात वाहनांचा धूर तपासायची टपरी होती, आणि टपरीत काका होते. मागे काकांची पांढरी स्कूटर उभी असे. ती इतकी सोज्वळ होती, की तिच्या धुरात शर्ट वाळत घातला असता तरी पांढराच राहिला असता. काळाकुट्ट धूर ओकणारी बस आली, की काका बसचा नंबर यंत्रात टाकत, नळी स्कूटरच्या सायलेन्सरला लावत आणि कागद छापून देत. बस पास. बावीस वर्षांत त्या एकट्या स्कूटरने निम्मं शहर पास केलं होतं. काका याला फसवणूक म्हणत नसत. यंत्र खरंच बोलतं, फक्त कोणाबद्दल बोलायचं एवढं आपण ठरवायचं, असं त्यांचं मत होतं.

एके दिवशी वरून फर्मान आलं. टपरीत बसणाऱ्या प्रत्येकाने फुप्फुसांची चाचणी द्यावी. नापास होईल त्याची बदली गोदामात. काकांना जुना खोकला होता, आणि गोदामात त्यांना काका म्हणणारं कोणी नव्हतं.

तोडगा हाताशीच होता. काकांचे साडू बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. चाळीस वर्षं फुंकून मुरलेला माणूस, शिवाय मिशाही जुळत्या. काकांच्या ओळखपत्रावर काकांच्या नावाने त्यांनी फुंकायचं, असं ठरलं. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "म्हणजे आता माणसांनाही स्कूटर लावायला लागलात."

साडू एका पायावर तयार झाले. अलीकडे गाण्यातले वरचे सूर ते क्लॅरिनेटवाल्याला देऊन टाकत. घरात सगळे तो मनाचा मोठेपणा समजत.

दवाखान्यात साडू खुर्चीत बसले आणि काका सोबत आलेले नातेवाईक झाले. तंत्रज्ञ ताईंनी ओठ घट्ट मिटून, छाती भरून, थांब म्हणेपर्यंत फुंकायला सांगितलं. साडूंनी मिशी पुसून ऐटीत फुंकलं. पडद्यावरची रेघ जराशी वर गेली आणि खाली बसली. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा बसली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. फुप्फुसं निम्मीच चालतायत, हे एका दिवसाचं काम नाही, असं सांगून त्यांनी राहता कुठे म्हणून विचारलं. साडू गडबडीत स्वतःचाच पत्ता सांगून बसले: बस स्टँडसमोर, दुसरा मजला, पलंग खिडकीला लागून. खाली बसेस इंजिन चालू ठेवून उभ्या असतात का, हा पुढचा प्रश्न. किती, ते साडू बोटांवर मोजू लागले.

"चाळीस," काका म्हणाले. त्या चाळीसही बसेसचे नंबर त्यांना तोंडपाठ होते.

औषधं लिहायला बाई शेजारच्या खोलीत गेल्या. साडू काकांकडे वाकले.

"काळजी करू नकोस. यंत्र बिघडलंय म्हण, उद्या तू स्वतः येऊन फुंक, हा कागद फाडून टाकतील. मला काय, जिना चढलो की जरा..." मध्ये त्यांनी श्वास घेतला. "...दम लागतो, एवढंच."

काकांनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा कागद नीट वाचला.

बाई परत आल्या तेव्हा ते उभे राहिले. "बाई, कागद खरा आहे, नाव तेवढं खोटं आहे. नाव माझं, छाती यांची. औषध यांना सुरू करा."

बाईंनी चष्म्यावरून दोघांच्या मिशा तपासल्या. मग तुमची छाती कुठाय, म्हणाल्या. काका म्हणाले, ती अजून तपासायची राहिलीय. बाईंनी खुर्ची दाखवली. काकांनी फुंकलं, खोकले, पुन्हा फुंकलं आणि काठावर पास झाले.

बाईंनी घडलेला प्रकार कार्यालयाला जसाच्या तसा कळवला. कार्यालयाने ते पत्र फाइलला लावलं आणि फाइल कपाटात. टपरीत बसायला दुसरं कोणी तयारच नव्हतं. साडूंनी पलंग आतल्या खोलीत हलवला, रोज औषधाचा पंप ओढू लागले आणि महिन्याभरात दोन वरचे सूर परत मागून घेतले. क्लॅरिनेटवाला अजून फुरंगटलेला आहे.

चाचणीनंतरच्या सोमवारी मात्र पहिली बस नेहमीप्रमाणे टपरीमागे आली आणि स्कूटरच्या शेजारी उभी राहिली. काकांनी नळी उचलली आणि बसच्या सायलेन्सरमध्ये हातभर आत सारली. यंत्राने असा आकडा दाखवला, की काकांनी कौतुकाने चष्मा पुसला.

"काका," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "नळी चुकून आमच्या बसला लागली."

"लागायला बावीस वर्षं लागली," काका म्हणाले. त्यांनी 'नापास'चा कागद फाडून त्याच्या हातात दिला आणि स्कूटरवर चादर टाकली. मागे एकोणचाळीस उभ्या होत्या. काकांनी पुढच्या बसला हात केला.